बाळंतपणात खालची जागा फाटते ती का, आणि ती जपायची कशी

सातवा-आठवा महिना लागलेली पहिलटकरीण तपासणीला आली की तिच्या मनात एक प्रश्न असतोच. ती तो सगळ्यात शेवटी, खुर्चीवरून उठता उठता विचारते, "सिस्टर, मला टाके पडतील का हो?" सोबत आई असेल तर आईच उत्तर देऊन टाकते, "पडतात गं, सगळ्यांना पडतात, त्यात काय विचारायचं." पोरगी गप्प बसते आणि विषय तिथंच मिटतो.

प्रसूतिकक्षात बरीच वर्षं काढल्यावर मला हे असं मिटवणं सोसत नाही. आईचं म्हणणं निम्मं खरं आहे. पहिल्या नॉर्मल बाळंतपणात दहापैकी आठ-नऊ जणींना खाली थोडीफार इजा होते. पण त्यातली बहुतेक किरकोळ असते आणि दोन-तीन आठवड्यांत भरून येते. शौचाच्या जागेपर्यंत जाणारी मोठी फाट थोड्याच जणींना पडते. ब्रिटनच्या आकडेवारीत पहिलटकरणींमध्ये तिचं प्रमाण शंभरात सुमारे सहा आहे. ही मोठी फाट ओळखली गेली नाही किंवा नीट शिवली गेली नाही, तर बाईला वारा आवरत नाही, शी लागली की धावावं लागतं, आणि हे ती वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाही. प्रत्येक फाट टाळता येईल असं वचन कुणीही देऊ नये. मोठ्या फाटीचा धोका मात्र खरोखर कमी करता येतो, आणि त्यातलं बरंचसं काम बाळाचं डोकं बाहेर पडतानाच्या शेवटच्या काही मिनिटांत असतं.

फाटतं म्हणजे नक्की काय होतं

योनीचं तोंड आणि शौचाची जागा यांच्या मधला तीन-चार सेंटिमीटरचा भाग म्हणजे आपण ज्याला "खालची जागा" म्हणतो तो. वर कातडी, तिच्याखाली स्नायूंचे थर, आणि मागच्या बाजूला शौचाचं दार आवळून धरणारा गोल स्नायू. डोकं बाहेर येताना हा सगळा भाग ताणून पातळ होतो.

फाटीचे चार दर्जे धरतात. पहिल्यात फक्त कातडी किंवा योनीचं आतलं नाजूक अस्तर फाटतं. रक्त येत नसेल आणि कडा जुळत असतील तर कधी टाकेही लागत नाहीत. दुसऱ्यात आतले स्नायू फाटतात आणि टाके घालावे लागतात. बाया "मला टाके पडले" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा हाच दर्जा असतो किंवा डॉक्टरांनी दिलेला छेद असतो. तिसऱ्या दर्जात तो गोल स्नायू थोडा किंवा पूर्ण फाटतो. चौथ्यात गुदमार्गाचं आतलं अस्तरही फाटतं. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर कोणता दर्जा लिहिलाय हे विचारून घ्या, पुढं त्याचा उपयोग होतो.

कारणं

पहिली वेळ हे सगळ्यात मोठं कारण, कारण ती जागा तोवर कधी इतकी ताणलेली नसते. बाळ चार किलोंच्या वर असेल, बाळाचं तोंड पुढच्या बाजूला म्हणजे आईच्या पोटाकडे असेल, डोकं बाहेर आल्यावर खांदा अडकला, कळा देण्याचा टप्पा फार लांबला, किंवा चिमटा (फोर्सेप्स) लावून बाळ काढावं लागलं, तर धोका वाढतो. चिमट्याचा धोका व्हॅक्यूमपेक्षा, म्हणजे डोक्याला कप चिकटवून बाळ ओढण्यापेक्षा, जास्त. युरोप-अमेरिकेत झालेल्या पाहण्यांमध्ये आशियाई वंशाच्या बायकांना मोठी फाट पडण्याचं प्रमाणही जास्त दिसलं आहे.

आता आपल्याकडचं बघा. इथली बहुतेक बाळं अडीच ते साडेतीन किलोंची असतात. मग इतक्या लहान बाळाला जागा का पुरत नाही? माझ्या अनुभवात त्याचं उत्तर बहुतेक वेळा घाईत सापडतं. कळा वाढवायचं सेलाईन जोरात चालू, बाई पाठीवर आडवी, पाय वर बांधलेले, चारी बाजूंनी "जोर लाव, जोर लाव", आणि कुणीतरी वरून पोट दाबतंय. अशा वेळी जे डोकं पाच कळांत हळूहळू यायला हवं ते एका झटक्यात येतं, आणि कातडीला ताणायला वेळच मिळत नाही.

फाटण्यात बाईचा दोष नसतो, हेही इथंच लिहून ठेवते. "तिनं नीट जोर दिला नाही", "पाय जवळ घेतले म्हणून फाटलं" अशी वाक्यं प्रसूतिकक्षात आणि नंतर घरात सर्रास कानावर येतात. पहिल्यांदा कळा सोसणाऱ्या मुलीला तसं म्हणणं क्रूर आहे आणि खोटंही.

सातव्या महिन्यापर्यंत करायच्या गोष्टी

साखरेची तपासणी चुकवू नका. गरोदरपणातला मधुमेह अंगात काही जाणवू देत नाही, पण बाळ वाढवतो, खास करून खांदे रुंद करतो. पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या मध्ये ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा त्याहून जास्त आकडा आला तर लगेच आहार आणि उपचार सुरू होतात. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर तपासतात. तुमच्या आशाताईला विचारा, ती सोबतही येईल.

रक्त कमी असलेल्या बाईची जखम सावकाश भरते, म्हणून लोहाच्या गोळ्या सोडायच्या नाहीत. पण त्यांनी शी घट्ट होते, आणि कुंथायची सवय खालच्या स्नायूंना चांगली नाही. उन्हाळ्यात तर पाणी कमी पडतंच. आमच्या सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीच्या वर, त्यात घरात पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येणारं, म्हणून बाया नकळत कमी पितात. दिवसभरात लघवी पिवळीजर्द दिसली तर पाणी कमी पडतंय असं समजा. ज्वारीची भाकरी आपल्या ताटात आहेच. तिच्यासोबत पालेभाजी, हुलग्याचं माडगं, मूग-मटकीची उसळ, तुरीचं घट्ट वरण आणि ताक रोज असू द्या. शेंगदाण्याची चटणी जरूर खा, पण तिच्यावर आणि नुसत्या कडक भाकरीवर दिवस काढू नका.

खालच्या स्नायूंचा व्यायाम शिकून घ्या. वारा रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात तेच. पाच ते दहा सेकंद आवळून धरायचे आणि मग पूर्ण सैल सोडायचे, असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. बाया आवळायला लवकर शिकतात, सैल सोडायला शिकत नाहीत. बाळंतपणात सैल सोडणंच कामी येतं, म्हणून त्या भागाकडं जास्त लक्ष द्या. सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बाया सूप मांडीवर घेऊन तासन् तास एका जागी बसतात. त्यांनी मधून मधून उठून चार पावलं टाकली तरी कंबर आणि ओटीपोट मोकळं राहतं.

चौतिसाव्या आठवड्यापासून मसाज

हे काम आपल्याकडं फारसं कुणी सांगत नाही, लाजेपोटी. पण पहिलटकरणींसाठी याचा फायदा अभ्यासांत सिद्ध झालेला आहे. ३४-३५ आठवड्यांपासून खालच्या जागेला मसाज केला तर टाके पडण्याचं आणि छेद द्यावा लागण्याचं प्रमाण थोडं कमी होतं. साधारण पंधरा जणींनी केला तर एकीचे टाके वाचतात, एवढा तो फायदा आहे. फार मोठा नाही, पण खर्च शून्य आणि जोखीम जवळपास नाही. आठवड्यातून एक-दोनदा पुरतो. रोज केल्यानं जास्त फायदा होतो असं दिसलेलं नाही.

मसाज कसा करायचा ते नीट सांगते.

१. लघवी करून या. नखं कापा, साबणानं हात धुवा. बांगड्या-अंगठ्या काढून ठेवा.

२. कोमट पाण्यानं अंघोळ झाल्यावर कातडी मऊ असते, ती वेळ चांगली. भिंतीला उशी लावून टेकून बसा, गुडघे वाकवून बाजूला सोडा. पहिल्यांदा हातात छोटा आरसा धरून जागा बघून घ्या.

३. अंगठ्यांना शुद्ध खोबरेल किंवा बदामाचं तेल लावा. सुगंधी तेल, बाम, व्हॅसलीन नको.

४. दोन्ही अंगठे योनीत तीन ते चार सेंटिमीटर आत ठेवा आणि खाली, शौचाच्या जागेच्या दिशेनं, आणि बाजूंना हलके दाबा. किंचित चुरचुरल्यासारखं, ताणल्यासारखं वाटलं की तिथंच मिनिटभर धरा. तोवर श्वास लांब सोडत राहा आणि स्नायू सैल ठेवा.

५. मग अंगठे खालच्या अर्ध्या भागात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडं सावकाश फिरवा, दोन-तीन मिनिटं. वरच्या बाजूला लघवीच्या जागेवर दाब द्यायचा नाही.

एकूण पाच मिनिटं. नवव्या महिन्यात पोटामुळं हात पोचत नाही, तेव्हा नवऱ्याची मदत घेतली तरी चालते. दोघांचीही तयारी असेल तरच, आणि त्यानं बोटं वापरावीत. दुखलं तर थांबायचं. दुखणं सोसण्यात काही मिळवायचं नसतं.

अंगावरून रक्त जात असेल, वार खाली असेल, पाणी गेलेलं असेल, खाज-वास असलेलं पांढरं जात असेल किंवा खाली पुरळ-फोड असतील तर मसाज करू नका. डॉक्टरांनी संबंध ठेवायला मनाई केली असेल तर मसाजही नको.

दवाखाना ठरवताना काय विचारायचं

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. मग सात महिने पुण्याच्या डॉक्टरांकडं तपासणी आणि ऐनवेळी मोहोळला किंवा अक्कलकोटला नवा दवाखाना, असं होतं. आठव्या महिन्यातच माहेरच्या दवाखान्यात एकदा दाखवून या आणि तेव्हाच बोला. प्रश्न साधे आहेत. पहिलटकरणीला सरसकट छेद देता की गरज पडली तरच? कळा देताना मला कुशीवर होता येईल का? शेवटी खाली गरम कपड्याचा शेक देता का? आई किंवा बहीण आत थांबू शकेल का? मोठी फाट पडलीच तर इथं शिवता की पुढं पाठवता?

असं विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे. ज्या डॉक्टर आणि सिस्टर हे काम मनापासून करतात त्यांना असे प्रश्न आवडतात. कुणी उडवून लावलं, तर तेही तुम्हाला वेळेवर कळलं.

सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून बाळंतपण, औषधं, जेवण आणि ने-आण मोफत आहे. २०१६ पासून केंद्र सरकारनं सरकारी प्रसूतिकक्षात सोबतीण ठेवायलाही मान्यता दिली आहे, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली नात्यातली बाई. सोबतीला अशी बाई निवडा जी तुम्हाला घाबरवणार नाही. मोठी फाट शिवायला ऑपरेशन थिएटर आणि भूल देणारे डॉक्टर लागतात. छोट्या गावच्या केंद्रात ही सोय नसते, तिथून सोलापूरच्या सिव्हिलला पाठवतात. गाडीची सोय आधीच ठरवलेली बरी, आणि १०२ व १०८ हे नंबर घरात सगळ्यांना पाठ हवेत.

कळांच्या दिवशी

सुरुवातीच्या कळांत चाला, बसा, कुशीवर पडा, पाणी-सरबत घ्या. दर दोन-तीन तासांनी लघवीला जा, लघवीची भरलेली पिशवी डोक्याची वाट अडवते. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडायच्या आधी जोर देऊ नका, कितीही वाटलं तरी. त्यानं तोंडाला सूज येते आणि तुमची ताकद वाया जाते.

तोंड पूर्ण उघडल्यावरही लगेच ढकलायला लागायचं नसतं. खाली दाब आला, आपोआप जोर यायला लागला, की त्याच्यासोबत जोर द्या. पहिल्या खेपेला हा टप्पा तीन तासांपर्यंत चालू शकतो. आई आणि बाळाचे ठोके ठीक असतील तर घड्याळाकडं बघून घाबरायचं कारण नाही. दम कोंडून, डोळे मिटून दहापर्यंत मोजत ढकलायची जुनी पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या शिफारशींत बाजूला ठेवली आहे. शरीर जसं ढकलतं तसं ढकलू द्यावं, असं त्या सांगतात.

कुठल्या स्थितीत बाळंत व्हावं? डाव्या कुशीवर किंवा हात-गुडघ्यांवर ओणवं झालं की डोकं सावकाश येतं आणि सिस्टरला खालची जागा नीट दिसते. मला स्वतःला कुशीची स्थिती सगळ्यात आवडते, थकलेल्या बाईलाही ती जमते. उकिडवं बसण्याची आपल्या बायांना सवय असते आणि त्यानं बाळ खाली यायला मदत होते. छेद आणि चिमट्याची गरजही थोडी कमी पडते, पण दुसऱ्या दर्जाची फाट किंचित वाढू शकते. म्हणून बाळ खाली येईपर्यंत उकिडवं आणि डोकं दिसायला लागलं की कुशीवर, असं मी सुचवते.

पोटावर दाब देऊन बाळ ढकलू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट शिफारस आहे. तरी ते होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या सोबतीणीला आधीच सांगून ठेवा की कुणी पोटावर हात टेकला तर तिनं म्हणायचं, "पोट दाबू नका, ताई स्वतः जोर देईल."

डोकं दिसायला लागल्यावर

एक पोरगी आठवते. सोलापुरातल्या अशोक चौकाकडची, पहिली वेळ, आईला सोबत घेऊन आलेली. डोकं रुपयाच्या नाण्याएवढं दिसायचं आणि कळ गेली की परत आत जायचं. आई रडकुंडीला आलेली, "बाळ मागं जातंय हो सिस्टर!" मी तिचा हात धरून तिला दाखवलं, प्रत्येक कळेला थोडं जास्त दिसतंय ते. हे पुढं-मागं होणं म्हणजेच जागा ताणली जाणं. त्याला वेळ देणं हेच आमचं काम असतं. पाच-सहा कळा तशाच गेल्या. मग डोकं आत जायचं थांबलं, तिला भयंकर जळजळ झाली, ती ओरडली. तेव्हा तिला जोर थांबवून तोंडानं फुंकर मारायला सांगितलं, गरम चहावर मारतो तशी, हळू-हळू-हळू. दोन कळांच्या मधल्या वेळेत डोकं आपोआप सरकत बाहेर आलं. एक बारीक ओरखडा सोडला तर काही झालं नाही.

त्या जळजळीच्या क्षणी ढकलायचं थांबवणं ही तुमच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. घरी आधीच त्याचा सराव करा. आई किंवा नवरा म्हणेल "थांब", की तोंड उघडं ठेवून छोटे श्वास, जबडा सैल, खांदे खाली. कळ ओसरत आली की हलका जोर.

आणि हे सिस्टरच्या हातातलं. कळा देताना खालच्या जागेवर गरम पाण्यात पिळलेला स्वच्छ कपडा किंवा पॅड धरणं. मोठी फाट कमी करणाऱ्या उपायांत याचा पुरावा चांगला आहे. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर तपासायचं, हाताला सोसेल इतकंच गरम, आणि थंड झालं की कपडा बदलायचा. कंबरेतून भूल दिलेली असेल तर जास्त जपायचं, कारण चटका बसला तरी बाईला कळत नाही. एका हातानं डोक्याचा वेग आवरणं, दुसऱ्या हातानं खालच्या जागेला आधार देणं. खांदे बाहेर येतानाही हा आधार सोडायचा नाही. बऱ्याच वेळा डोकं सुखरूप येतं आणि मग घाईत खांद्यानं फाटतं.

छेद द्यायचा की नाही

पहिलटकरीण आहे म्हणून कात्री लावायची, ही सवय पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. छेद दिला तर मोठी फाट वाचते आणि पुढं अंग बाहेर येत नाही, असं समजलं जायचं. सरसकट छेदानं तसा फायदा होत नाही, उलट इजा वाढते, हे आता पक्कं आहे. छेद म्हणजे हातानं केलेली दुसऱ्या दर्जाची फाटच.

तरी छेदाला सरसकट नाही म्हणणंही मला पटत नाही. बाळाचे ठोके पडत असतील आणि दोन मिनिटांत बाहेर काढायचं असेल, पहिल्या खेपेला चिमटा लावायचा असेल, किंवा जागा अजिबात ताणत नाही आणि मागच्या दिशेनं फाटू बघतेय असं दिसत असेल, तर योग्य वेळी दिलेला छेद बाईला वाचवतो. तो कळेच्या ऐन भरात, जागा पूर्ण ताणलेली असताना, आधी बधिर करून, आणि मधल्या रेषेपासून ६० अंश तिरका द्यायला हवा. सरळ खाली दिलेला छेद फाटत शौचाच्या स्नायूत जातो. आणि द्यायच्या आधी बाईला सांगून तिची संमती घ्यावी, दोन वाक्यं बोलायला वेळ लागत नाही.

बाळ झाल्यावर, टेबलावरच

वार पडली की चांगल्या उजेडात तपासणी व्हायला हवी. त्यात शौचाच्या जागेत बोट घालून स्नायू शाबूत आहे का हे बघणंही आलं. ते नकोसं वाटतं, पण लपलेली मोठी फाट त्यानंच सापडते. टाके घालताना जागा बधिर असायलाच हवी. दुखत असेल तर सांगा, आणखी औषध देता येतं. साधे टाके आतल्या आत विरघळणाऱ्या दोऱ्याचे असतात, काढावे लागत नाहीत.

तिसरा-चौथा दर्जा असेल तर थिएटरमध्ये, कंबरेखाली भूल देऊन, सवय असलेल्या डॉक्टरांनी शिवायचं. त्यासाठी पुढं पाठवलं तर चिडू नका. रक्तस्राव आटोक्यात असेल तर काही तासांच्या उशिरानं नुकसान होत नाही. अशा फाटीनंतर प्रतिजैविकं आणि शी पातळ ठेवणारं औषध दिलंच पाहिजे.

घरी आल्यावर

पहिले दोन दिवस सूज असते. बर्फ स्वच्छ कपड्यात गुंडाळून दहा मिनिटं धरा, दिवसातून तीन-चारदा. दुखण्यावर डॉक्टरांनी दिलेली पॅरासिटामॉलसारखी गोळी घ्या. अंगावर पाजताना ती चालते. पहिल्या दिवसानंतर टबात साधं कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं बसलं की आराम पडतो. टब घासून धुतलेला हवा, पाण्यात डेटॉल-सॅव्हलॉन घालायचं नाही.

लघवी करताना वरून तांब्यानं कोमट पाणी सोडत राहा, चुरचुर कमी होते. पुढून मागं धुवायचं, मऊ कपड्यानं टिपून कोरडं करायचं, पॅड चार तासांनी बदलायचं. उन्हाळ्यातलं बाळंतपण असेल तर घामानं जखम ओली राहते. म्हणून दिवसातून दोनदा अर्धा तास सुती कपड्यावर उघडं पडून राहा, दार लावून.

आता धुरीबद्दल. शेगडीवर शेपा-ओवा टाकून बाळंतिणीला त्यावर उभं करायची पद्धत अजून घरोघरी आहे. माया असते त्यात, मला माहीत आहे. पण ओल्या टाक्यांवर धूर आणि धग लागली की चटका बसतो. टाके आहेत तोवर धुरी नको. हळद, तेल, राख, तूप, काहीही जखमेवर लावायचं नाही. पोटाला पट्टा बांधायचा असेल तर सैल बांधा. करकचून बांधला की सगळा दाब खाली येतो.

बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, ही दुसरी रीत. ती मोडा. दूध पाजणाऱ्या बाईला जास्त पाणी लागतं, आणि पाणी कमी पडलं की पहिलीच शी दगडासारखी होते. अळीव-डिंकाचे लाडू द्या, सोबत शेपूची भाजी, पातळ वरण, पपई, भिजवलेले मनुके, गरम पाणी यांचाही रतीब ठेवा. शी करताना स्वच्छ पॅड टाक्यांवर हातानं धरलं की "टाके सुटतील" ही भीती जाते. ते तसे सुटत नाहीत. भारतीय संडासात बसायला त्रास होत असेल तर काही दिवसांसाठी कमोडची खुर्ची आणा.

खालच्या स्नायूंचा व्यायाम दुखणं सोसवेल तसा पहिल्या आठवड्यातच हलका सुरू करा. भरलेली घागर, हंडा उचलायचा नाही. संबंध सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर, जखम भरल्यावर आणि तुमची इच्छा असेल तेव्हाच. स्तनपानाच्या काळात कोरडेपणा असतो, त्यासाठी मेडिकलमध्ये मिळणारं जेल वापरता येतं. तीन महिन्यांनंतरही दुखत असेल तर दाखवा.

कधी थांबायचं नाही

बाळंतपणानंतर काही तासांतच खाली असह्य दाब आणि वाढती सूज आली, तर आत रक्त साठलेलं असू शकतं. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, किंवा सहा तास लघवी झाली नसेल, तरी लगेच सांगा. घरी आल्यावर ताप, वास, पू, उसवलेले टाके, किंवा कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं, तर त्याच दिवशी दवाखान्यात या.

वारा आवरत नाही, अंतर्वस्त्राला शी लागते, शी लागली की थांबता येत नाही, किंवा वारा-शी पुढच्या वाटेनं येते, यातलं काहीही असेल तर "बाळंतपणानंतर चालतंच" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. यावर तपासणी आहे, व्यायाम आहे, औषध आहे, लागलं तर शस्त्रक्रिया आहे. वेळेत नीट शिवलेल्या मोठ्या फाटीनंतर वर्षभरात शंभरात साठ ते ऐंशी जणींना काहीही त्रास उरत नाही.

पुढच्या खेपेला

एकदा साधे टाके पडले म्हणून पुन्हा पडतीलच असं नाही, दुसऱ्या खेपेला जागा सहज ताणते. तिसरा-चौथा दर्जा झालेल्यांत पुढच्या नॉर्मल बाळंतपणात तशीच फाट पुन्हा पडण्याचं प्रमाण शंभरात पाच ते सात आहे, म्हणजे बहुतेक जणी नॉर्मल बाळंत होऊ शकतात. आवरण्याचा त्रास अजून चालू असेल तर मात्र सिझरचा विचार डॉक्टरांशी बसून करावा. त्यासाठी पहिल्या वेळचं कार्ड लागतं. ते बाळाच्या लसीकरणाच्या कार्डासोबत एकाच पिशवीत ठेवा आणि दुसऱ्या खेपेच्या पहिल्याच तपासणीला टेबलावर काढून दाखवा.